पहिला वार न करणारे गुरुजी

संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर किंवा एखाद्या गृहसंकुलाच्या सभागृहात कराटेचा वर्ग भरतो, तेव्हा पांढऱ्या गणवेशातील मुले रांगेत उभी राहतात आणि सरावाला प्रारंभ करण्यापूर्वी वाकून नमस्कार करतात. महाराष्ट्राच्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही आता हे दृश्य नवलाचे राहिलेले नाही. यांतील अनेक वर्गांत भिंतीवर किमोनो परिधान केलेल्या, शांत मुद्रेच्या एका वृद्धाचे छायाचित्र लावलेले असते. हे वृद्ध गृहस्थ कोण, हे त्या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ते ना सेनापती होते ना कुस्तीच्या फडातले मल्ल. पेशाने ते प्राथमिक शाळेतील शिक्षक होते. एका लहानशा बेटावर रात्रीच्या अंधारात शिकवली जाणारी विद्या त्यांनी दिवसाच्या उजेडात आणली आणि हात उगारण्यासाठी नव्हे, तर तो आवरण्यासाठी ही विद्या आहे, हे सांगण्यात आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव गिचिन फुनाकोशी.

फुनाकोशी यांचा जन्म १८६८ साली ओकिनावा बेटावरील शुरी या गावी झाला. जपानचे क्यूशू बेट आणि तैवान यांच्या दरम्यान पसरलेल्या द्वीपमालिकेत ओकिनावा वसलेले आहे. एकेकाळी तेथे र्युक्यू नावाचे स्वतंत्र राज्य होते आणि शुरी ही त्याची राजधानी. चीनशी या राज्याचा जुना व्यापारी व सांस्कृतिक संबंध होता. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते जिंकले आणि १८७९ मध्ये जपानने राजपदच रद्द करून बेटाला आपला जिल्हा बनवले. या राज्यातील खानदानी घराण्यांत निःशस्त्र लढण्याची एक विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तिच्यात स्थानिक परंपरा आणि चिनी मुष्टियुद्ध यांचा संगम झालेला होता. कोणी तिला नुसते हात म्हणत, तर कोणी चिनी हात. ती उघडपणे शिकवली जात नसे. गुरू आपल्या निवडक शिष्यांना रात्री घराच्या अंगणात शिकवत आणि शिष्य त्याविषयी चारचौघांत अवाक्षरही काढत नसत.

गिचिन अपुऱ्या दिवसांचे जन्मले होते. मूल जगेल अशी घरच्यांना फारशी आशा नव्हती. आईच्या माहेरी, आजी-आजोबांच्या देखरेखीखाली हे अशक्त मूल वाढले. आजोबांनी त्यांना कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चिनी ग्रंथांचे धडे दिले. प्राथमिक शाळेत त्यांची मैत्री ज्या मुलाशी जमली, त्याचे वडील आंको अझातो हे बेटावरील श्रेष्ठ योद्ध्यांपैकी एक होते. मित्राच्या घरी जाता-येता गिचिन त्यांच्याकडे शिकू लागले. पुढे अझातो यांचे स्नेही आंको इतोसू यांचेही शिष्यत्व त्यांना लाभले. नियमित सरावाने प्रकृती सुधारत गेली, तेव्हा केवळ छंद म्हणून धरलेली ही वाट आयुष्यभराची झाली.

हे शिक्षण आजच्या वर्गांसारखे नव्हते. रात्री मिणमिणता कंदील घेऊन गिचिन गुरूंच्या घरी पायी जात. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांना तोंड देण्यासाठी ठरावीक क्रमाने गुंफलेल्या बचाव-प्रहारांची मालिका. अझातो ओसरीवर ताठ बसून पाहत असत आणि शिष्य अंगणात तोच एक काता पुन्हा पुन्हा करत असे. आठवडे, महिने लोटले तरी गुरू पुढचा पाठ देत नसत. तेक्की या नावाने आज ओळखले जाणारे तीन काता शिकण्यात फुनाकोशींची दहा वर्षे गेली. पहाटे घरी परतणाऱ्या या तरुणाला पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना भलताच संशय येई. तो रात्री वेश्यावस्तीत जात असावा, असा त्यांचा तर्क होता आणि गुप्ततेच्या बंधनामुळे त्याचे निराकरण करण्याची सोय नव्हती. ओकिनावाला चक्रीवादळे नवी नाहीत. अशाच एका वादळात छपरावर चढून, हाती चटई धरून, वाऱ्याच्या माऱ्यासमोर पाय रोवून उभे राहण्याचा सराव करणाऱ्या फुनाकोशींना लोकांनी पाहिले होते.

त्यांचे तारुण्य एका मोठ्या स्थित्यंतराच्या काळात आले. मेइजी राजवटीने जपानचे आधुनिकीकरण आरंभले होते आणि पुरुषांनी डोक्यावरील केसांचा पारंपरिक बुचडा कापावा, असा सरकारचा आग्रह होता. ओकिनावातील जुन्या घराण्यांना हा अपमान वाटे. आपल्याकडे शेंडीवरून घराघरांत जे रणकंदन माजत असे, त्याचीच ही जपानी आवृत्ती म्हणावी लागेल. गिचिन यांना वैद्यकीय शिक्षण घ्यायचे होते. वयाच्या अटीत बसावे म्हणून त्यांनी आपले जन्मवर्ष १८७० असे नोंदवलेही होते, परंतु बुचडा राखणाऱ्यास तेथे प्रवेश नव्हता आणि घरच्यांना तो कापणे मान्य नव्हते. डॉक्टर होण्याचे स्वप्न तेथेच मावळले. पुढे १८८८ मध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली, तेव्हा मात्र त्यांनी तो कापलाच. मुलाचे ते रूप पाहून वडील संतापले आणि आईला तर ते पाहवेनाच. तरीही फुनाकोशी मागे हटले नाहीत. जुने जपण्यासाठी नव्याकडे जावे लागते, हे त्यांना कदाचित त्या दिवशी प्रथम उमगले असावे.

तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी शिक्षकाचा पेशा केला. तुटपुंज्या पगारात मोठ्या कुटुंबाचा भार ओढताना पत्नीने कापड विणून आणि भाजीपाला पिकवून संसाराला हातभार लावला. पतीचा सराव पाहत पाहत तीही ही विद्या शिकली. अंगात बळ आलेल्या या तरुण शिक्षकाची कसोटी लागली ती मात्र अंगणाबाहेर. पूर्वजांना अर्पण करायची मिठाई घेऊन ते एकदा रात्री निर्जन रस्त्याने चालले असता दोन धटिंगणांनी त्यांना अडवले. दोघांना लोळवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी मात्र हातातील मिठाई निमूटपणे त्यांच्या स्वाधीन केली आणि वाट धरली. ही हकीकत ऐकून दोन्ही गुरूंनी त्यांचे कौतुक केले. शिष्याला आता कराटे समजू लागले आहे, असा अभिप्राय अझातो यांनी दिला. बुक्कीचे बळ वाढवण्यात घालवलेल्या एवढ्या रात्रींनंतर ही शाबासकी मिळाली, ती बुक्की न मारल्याबद्दल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गुप्ततेची भिंत ढासळू लागली. इतोसू यांनी ओकिनावाच्या शाळांतून शारीरिक शिक्षणाचा भाग म्हणून ही विद्या शिकवण्यास प्रारंभ केला आणि मुलांना झेपतील असे सोपे काता रचले. म्हणूनच आधुनिक कराटेच्या जनकत्वाचे श्रेय एकट्या फुनाकोशींना देणे न्याय्य ठरणार नाही. या कार्यात ते गुरूंच्या पावलावर पाऊल टाकून चालत होते. त्यांनी सहकाऱ्यांसह बेटावर जाहीर प्रात्यक्षिके केली. १९१२ मध्ये जपानी नौदलाच्या ताफ्यातील काही जणांनी ओकिनावात मुक्काम करून या विद्येचे धडे घेतले. मार्च १९२१ मध्ये युवराज हिरोहितो युरोपला जाताना ओकिनावात थांबले असता शुरीच्या राजवाड्यातील दालनात त्यांच्यासमोर प्रात्यक्षिक झाले. त्याचे नेतृत्व फुनाकोशी यांच्याकडे होते.

पुढच्याच वर्षी, १९२२ च्या मे महिन्यात, जपानच्या शिक्षण खात्याने टोकियोत शारीरिक शिक्षणाचे पहिले प्रदर्शन भरवले. ओकिनावाचा प्रतिनिधी म्हणून पन्नाशी ओलांडलेले फुनाकोशी तेथे गेले. विविध पवित्र्यांची छायाचित्रे लावलेल्या तीन लांब गुंडाळ्या त्यांनी बरोबर नेल्या होत्या. काम उरकून घरी परतावे, एवढाच बेत होता. परंतु ज्युडोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या संस्थेत प्रात्यक्षिकासाठी पाचारण केले. शंभराहून अधिक जाणकारांसमोर फुनाकोशी आणि त्यांचे तरुण सहकारी माकोतो गिमा यांनी काता सादर केले. पुढे होआन कोसुगी या नामवंत चित्रकाराने शिकवण्याचा आग्रह धरला. आज निघू, उद्या निघू करता करता फुनाकोशी टोकियोत राहिले ते कायमचेच.

या राहण्याची किंमत थोडी नव्हती. ओकिनावातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या मेइसेई जुकू या वसतिगृहात एका लहानशा खोलीत त्यांनी आश्रय घेतला. राहण्या-जेवणाच्या मोबदल्यात ते तेथे राखण करत, खोल्या झाडत आणि बागेची निगा राखत. संध्याकाळी तेथील सभागृहात मोजक्या शिष्यांना शिकवत. पैशांची इतकी चणचण होती की जुनी हॅट आणि ओकिनावाचा हातमागाचा किमोनो गहाण टाकण्याची पाळी आली. सावकाराच्या दुकानातील कारकुनाने वस्तूंच्या मोलाहून अधिक रक्कम हातावर ठेवली. त्याचा भाऊ आपल्याच शिष्यांपैकी आहे, हे फुनाकोशींना मागाहून कळले. एकदा एक वार्ताहर कराटेच्या या गुरूंना भेटण्यासाठी वसतिगृहात आला आणि बाग झाडणाऱ्या म्हाताऱ्याकडे त्याने त्यांची चौकशी केली. म्हातारा लगबगीने आत गेला आणि किमोनो चढवून पाहुण्याचे स्वागत करण्यास बाहेर आला. तो झाडूवालाच फुनाकोशी आहे, हे पाहून वार्ताहर अवाक्‌ झाला. शिक्षकाने स्वतः झाडू हाती घेण्यात कमीपणा आहे, असे फुनाकोशींना कधी वाटले नाही.

खरे मोल मोजले ते त्यांच्या पत्नीने. पतीने टोकियोला येण्याविषयी लिहिले, तेव्हा तिने नकार दिला. पूर्वजांच्या समाधींची देखभाल हे तिच्या लेखी धर्मकर्तव्य होते आणि ते सोडून परमुलखात जाणे तिला अशक्य होते. पतीने मात्र हाती घेतलेले काम अर्धवट टाकू नये, असेच तिचे मत पडले. परिणामी वीस वर्षांहून अधिक काळ हे दांपत्य बव्हंशी एकमेकांपासून दूर राहिले. जगभरच्या कराटे वर्गांत भिंतीवर लावलेल्या त्या छायाचित्रात ही स्त्री दिसत नाही.

१९२२ मध्ये फुनाकोशींचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. १ सप्टेंबर १९२३ च्या भीषण भूकंपात त्याच्या छपाईचे साचे नष्ट झाले, तेव्हा त्यांनी पुन्हा लेखणी उचलली आणि १९२५ मध्ये सुधारित ग्रंथ आणला. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात कराटेचा पहिला विद्यापीठीय संघ स्थापन झाला आणि पाठोपाठ इतर विद्यापीठांतूनही शाखा निघाल्या. कानो यांनी ज्युडोसाठी ठरवलेला पांढरा गणवेश व पट्ट्यांची पद्धत फुनाकोशींनी स्वीकारली आणि १९२४ मध्येच आपल्या पहिल्या तुकडीला ब्लॅक बेल्ट बहाल केले. शिक्षणाचेही टप्पे बांधले गेले. आधी पायाभूत पवित्रे, ठोसे, लाथा आणि अडवणूक, मग काता आणि त्यानंतर जोडीदारासह ठरवून केलेला सराव. जे ज्ञान एका गुरूकडून एका शिष्याकडे जात असे, ते आता शंभर विद्यार्थ्यांना एका तालावर देता येऊ लागले. त्यात काही हरवले, अशी टीका ओकिनावाच्या जुन्या जाणत्यांनी केली आणि ती अगदीच निराधार नव्हती.

त्याहून मोठा वाद नावावरून झाला. कराते या शब्दातील ‘ते’ म्हणजे हात. ‘करा’ हा उच्चार चीनच्या तांग राजवंशाचे नाव असलेल्या अक्षराचा, तसाच रिक्त या अर्थाच्या दुसऱ्या एका अक्षराचाही होतो. फुनाकोशींनी पहिले अक्षर सोडून दुसरे स्वीकारले आणि १९३५ च्या आपल्या मुख्य ग्रंथात ते प्रतिष्ठित केले. चिनी हात तेव्हापासून रिक्त हात झाला. निःशस्त्र हात हा त्याचा एक अर्थ. फुनाकोशींना दुसरा अर्थ अधिक मोलाचा होता. बौद्धांच्या प्रज्ञापारमिता हृदयसूत्रातील शून्यतेचा विचार त्यांना या अक्षरात दिसला. मन अहंकार आणि दुष्ट हेतू यांपासून रिक्त असावे, असे त्यांचे सांगणे होते. मूळ संस्कृतातून चीनमार्गे जपानला गेलेला हा विचार भारतीय वाचकाला परका वाटू नये. मात्र चीनशी संघर्ष पेटत असलेल्या त्या दशकात चीनचा उल्लेख पुसणे राष्ट्रवादी वातावरणाला मानवणारे होते, हेही विसरता येत नाही. ओकिनावात प्रथम विरोध झाला. १९३६ मध्ये नाहा येथे जमलेल्या आचार्यांच्या सभेत अखेर नवे नाव स्वीकारले गेले.

विद्या पसरली तशी ती गुरूच्या हातून निसटूही लागली. तरुण विद्यार्थ्यांना काताची पुनरावृत्ती पुरेनाशी झाली. त्यांना प्रत्यक्ष झुंज हवी होती. टोकियोच्या साम्राज्य विद्यापीठातील संघाने अंगरक्षक साधने चढवून सामने सुरू केले, तेव्हा फुनाकोशींनी तेथील मार्गदर्शन सोडले. जिंकण्या-हरण्याचा खेळ एकदा सुरू झाला की नम्रता मागे पडेल, ही त्यांची भीती होती. त्यांचा मुलगा गिगो मात्र नव्या पिढीचा होता. खोल पवित्रे, उंच लाथा आणि झुंजीचा सराव यांनी त्याने वडिलांच्या कराटेला आजचे गतिमान रूप दिले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस शिष्यांनी निधी जमवून टोकियोत स्वतंत्र डोजो, म्हणजे सरावगृह, उभारला. फुनाकोशी कविता लिहीत, तेव्हा शोतो हे टोपणनाव वापरत. शुरीजवळच्या टेकडीवर पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा लाटांसारखा आवाज ऐकत ते तरुणपणी भटकत असत, त्याची ही आठवण होती. शिष्यांनी डोजोच्या दारावर शोतोकान, अर्थात शोतोचे घर, अशी पाटी लावली. पुढे हेच नाव एका शैलीचे झाले. फुनाकोशींनी स्वतः आपल्या शिकवणीला वेगळ्या शैलीचे नाव दिले नव्हते. सारे कराटे एकच आहे, असे ते मानत.

युद्धाने हे सर्व उद्ध्वस्त केले. शिष्य निरोप घ्यायला येत आणि आघाडीवर जात. त्यांतील कित्येक परतले नाहीत. १९४५ मध्ये बॉम्बवर्षावात शोतोकान जळून खाक झाले. त्याच वर्षी क्षयाने गिगोचा बळी घेतला. ओकिनावावर झालेल्या घनघोर लढाईने फुनाकोशींची जन्मभूमी होरपळली आणि शुरीचा तो राजवाडाही बेचिराख झाला. बेट सोडावे लागलेली पत्नी क्यूशूमधील ओइता येथे आश्रयाला आली, तेव्हा वृद्ध फुनाकोशी टोकियो सोडून तिच्याकडे गेले. भाजीपाला लावून आणि समुद्रातील शेवाळ गोळा करून दोघांनी दिवस काढले. दीर्घ विरहानंतरचा हा सहवासही फार टिकला नाही. १९४७ मध्ये पत्नीचे निधन झाले. तिच्या अस्थी घेऊन ते रेल्वेने टोकियोकडे निघाले, तेव्हा वाटेतील स्थानकांवर त्यांचे जुने शिष्य सांत्वनासाठी उभे होते. सारे काही गमावलेल्या गुरुजींच्या गाठीला उरली होती ती ही माणसे.

युद्धोत्तर काळातीलच एका रात्रीचा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. एकटे घरी परतत असताना अंधारात दबा धरून बसलेल्या एका माणसाने त्यांना लुटण्यासाठी छत्रीचा तडाखा हाणला. फुनाकोशी खाली वाकले, वार चुकवला आणि त्या माणसाला मर्मस्थानी असे पकडले की त्याची हालचालच खुंटली. तेवढ्यात गस्तीचा पोलीस आला आणि चोर त्याच्या हवाली झाला. दुसऱ्या कोणी ही हकीकत अभिमानाने सांगितली असती. फुनाकोशींना मात्र लाज वाटली. तो बहुधा आघाडीवरून परतलेला, उपाशी सैनिक असावा, या विचाराने ते अस्वस्थ झाले. आयुष्यभर शिष्यांना संयम शिकवून आपणच हात चालवला, ही टोचणी त्यांना लागून राहिली. तरुणपणी मिठाई देऊन मोकळा झालेला शिक्षक उतारवयातही स्वतःची उत्तरपत्रिका तपासत होता आणि स्वतःलाच गुण कमी देत होता.

१९४९ मध्ये त्यांच्या शिष्यांनी जपान कराटे असोसिएशनची स्थापना केली आणि फुनाकोशींना सन्माननीय प्रमुख प्रशिक्षकपद दिले. व्याप्त जपानमध्ये आलेल्या अमेरिकी सैनिकांनी ही विद्या शिकली आणि मायदेशी नेली. तेथून ती जगभर पसरली. २६ एप्रिल १९५७ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, फुनाकोशींनी टोकियोत देह ठेवला. अंत्यविधीचे यजमानपद कोणाकडे असावे, यावरून त्यांच्या अनुयायांत फूट पडली आणि असोसिएशन व शोतोकाई हे दोन पंथ एकमेकांपासून दुरावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये असोसिएशनने आपली पहिली अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धा भरवली. ज्या गोष्टीला गुरूंनी हयातभर विरोध केला, ती त्यांच्या पश्चात सहा महिन्यांत घडली.

शिष्यांनी गुरूंना दगा दिला, असे मात्र म्हणवत नाही. स्पर्धा नसत्या, तर कराटे इतक्या देशांत पोहोचले असते का, हा प्रश्न उरतोच. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचा समावेश झाला, तेव्हा पुरुषांच्या काता प्रकारातील सुवर्णपदक र्यो कियुना या ओकिनावाच्याच सुपुत्राने पटकावले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून कराटे वगळण्यात आले, तेव्हा जगभर हळहळ व्यक्त झाली. फुनाकोशींना कदाचित दोन्ही वार्तांचे सारखेच अप्रूप वाटले असते.

जपानमधील कामाकुरा येथील एंगाकुजी या झेन मठाच्या आवारात त्यांचे स्मारक आहे. त्यावर पदकांची यादी नाही. कराटेत पहिला वार आपला नसतो, या आशयाची त्यांची शिकवण त्या शिळेवर कोरलेली आहे. शिष्यांसाठी त्यांनी सांगितलेल्या वीस नियमांत आरंभीच दोन गोष्टी येतात. एक म्हणजे कराटेची सुरुवात आणि शेवट नमस्काराने होतो आणि दुसरी ही शिळेवरची. पटांगणावरील मुले सरावाच्या आधी आणि नंतर वाकून नमस्कार करतात, तेव्हा पुष्कळदा ती केवळ शिस्त म्हणून करतात. मधल्या तासाभरात ठोसे, लाथा आणि झुंजी शिकवल्या जातात. त्या शिकाव्यातच. परंतु छायाचित्रातील त्या गुरुजींची परीक्षा घेतली जाते ती वर्ग सुटल्यावर, रस्त्यावर, राग आलेला असताना.